नववं पान

सोमवार, ४ मार्च

आजपासून संस्थेचं वाचनालय माझ्या ताब्यात. "ताब्यात नाही, सिस्टर, सेवेत म्हणा," असं अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणार मात्र हे, अशी तीस वर्षांची सवय. चाव्या हातात द्यायला पाऊण तास लावला.

आधीच्या ग्रंथपालबाई लेकीकडे राहायला गेल्या म्हणून जागा रिकामी झाली. पगार कुणालाच नाही, सगळा हौशी कारभार. वर गाण्याचा वर्ग, मागच्या खोलीत चित्रकला, शनिवारी बुद्धिबळ आणि खाली आमची अकरा कपाटं. मला पुस्तकांतलं ओ की ठो कळत नाही हे मी आधीच सांगून टाकलंय. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी, शेवटची अकरा हेड नर्स. वाचायला सवड कुणाला होती? पण स्वच्छता आणि शिस्त म्हणाल तर माझा हात धरणारं कुणी नाही.

मोरीचा नळ गळतो. तीन खुर्च्या लंगड्या. सहाव्या कपाटात कसर लागलीय. गाण्याचा वर्ग ताल धरतो तेव्हा छताचा पोपडा देवघेवीच्या टेबलावर पडतो. वॉर्ड असता तर आजच सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

बाईंनी जाताना चिठ्ठी ठेवलीय. "सिस्टर, बाकी काहीही करा, पुस्तकांना फार हात लावू नका." वाचनालयात बसून पुस्तकांना हात लावू नका! बरं.

गुरुवार, ७ मार्च

नळ झाला. खुर्च्या सुताराकडे गेल्या. माझ्यासोबत देवघेव बघायला टपालवाले असतात. टपाल खात्यात पत्रं निवडण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे पुस्तक बघायच्या आधीच त्यांचा हात बरोबर कप्प्याकडे जातो. बोलतात कमी. मला बरं.

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. सोमवारी आणि गुरुवारी येतात, ठरलेलं. सत्तरीचे असतील. कपाटातून पुस्तक काढायचं, सुरुवातीचंच एखादं पान उघडायचं, बघायचं, परत ठेवायचं. दुसरं. तिसरं. सातवं पुस्तक घेतलं. पुस्तक निवडतात की वांगी, असं मी टपालवाल्यांना म्हटलं. ते हसले नाहीत.

चष्मेवाल्यांनी परत केलेलं पुस्तक मी तपासलं. नवव्या पानाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने काढलेला बारीकसा अर्धा गोल. संशय आला म्हणून आणखी दहा पुस्तकं उघडली. कुठे ठिपका, कुठे फुली, कुठे स्वल्पविरामासारखं काहीतरी. एकेका पुस्तकात पाच-पाच, सहा-सहा! शिकलेसवरलेले लोक आणि पोरांसारखे गिरगटतात. संस्थेची मालमत्ता आहे, कुणाची पाटी नव्हे.

रविवार, १० मार्च

मोहीम सुरू. नऊ जण जमले. दोन डझन खोडरबर, जुन्या साड्यांचे तुकडे, कापराच्या वड्या. प्रत्येकाला एक कप्पा, एकेक पान उलटायचं, खूण दिसली की खोडायची. मी फेऱ्या मारत होते. टाइपिस्टबाई (निवृत्त आहेत, पण नाव पडलं ते पडलं) फारच हळू काम करत होत्या. म्हटलं, "अहो, झोप लागली का?" त्यांनी मान खाली घालून पुढचं पान उलटलं.

टपालवाले म्हणाले, "सिस्टर, पेन्सिलच आहे. राहू दे की."

म्हटलं, "जंतूही बारीकच असतात."

निमूट बसले खोडत.

रविवार, २४ मार्च

संपलं! तीन रविवार, कथा-कादंबऱ्यांची पाच कपाटं, दोन हजार एकशे चाळीस पुस्तकं. पान न् पान लख्ख. हातांना रबराचा वास येतोय. अध्यक्षांनी छोटंसं भाषण केलं, म्हणजे पस्तीस मिनिटं. "पुस्तकात पेन्सिलीने कोणतीही खूण करू नये" अशी पाटी लावली. अक्षर माझं.

ह्यांना सांगितलं तर वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "छान," म्हणाले. चाळीस वर्षं बस चालवली, मागे कोण काय बोलतंय तिकडे लक्ष द्यायची सवयच नाही.

गुरुवार, २८ मार्च

चष्मेवाले आले. एक पुस्तक उघडलं, ठेवलं. दुसरं. मी मोजत होते, पंचवीस तरी पुस्तकं उघडली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पान उजेडात धरून बघितलं. मग पुस्तक न घेताच गेले. जाताना पाटीसमोर बराच वेळ उभे होते. स्वच्छता बघून माणूस गार पडला, दुसरं काय! बोलून दाखवायचा स्वभाव नसतो एकेकाचा.

सोमवार, १ एप्रिल

काहीतरी बिघडलंय. महिन्याभरापूर्वी दिवसाला चाळीसेक पुस्तकं जायची, आज सतरा. टाइपिस्टबाईंनी शनिवारी नेलेलं पुस्तक आज आणून दिलं. "वाचलेलं निघालं." मागच्या आठवड्यातही हेच. म्हटलं, "एवढं लक्षात ठेवायला नको?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं ताट ओढून घेतलं. नवीन पुस्तक न घेताच गेल्या.

चष्मेवाले आले नाहीत.

गुरुवार, ४ एप्रिल

अकरा. चष्मेवाले आजही नाहीत. टपालवाले सांगत होते, पंधरा वर्षांत त्यांनी सोमवार-गुरुवार चुकवलेला नाही, बायको गेली त्या आठवड्यातला एक सोडून. आजारी आहेत का विचारलं, तर नाही, दुकान उघडं आहे म्हणे.

अध्यक्ष म्हणतात, उन्हाळा आहे, लोक कंटाळतात, एखादं व्याख्यान ठेवू. त्यांचंच असणार.

शनिवार, ६ एप्रिल

राग येतोय की लाज वाटतेय ते मलाच कळत नाही.

दुपारी हे कादंबरी वाचत पडले होते. तिसाव्या पानाच्या आसपास पुस्तक आपटलं. "हे वाचलंय गं मी!"

"मग आणलंत कशाला?"

"कळायला मार्ग ठेवलास का तू? एकावन्नाव्या पानावर माझा ठिपका असायचा."

"कसला ठिपका?"

"अगं, वाचलं की खूण करायची. साठी उलटल्यावर नावं लक्षात राहतात होय? प्रत्येकाची आपली जागा, आपली खूण. पुढच्या वेळी पुस्तक उघडलं की कळतं, हे झालंय. सगळेच करतात. बाईंना माहीत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू खोडरबर घेऊन उभी होतीस. सुई घेऊन उभ्या असलेल्या नर्सला कोण काय सांगणार?"

माझाच नवरा. वीस वर्षांचे ठिपके. मी आणि आणखी आठ जणांनी मिळून अख्ख्या गावाची आठवण रबराने पुसली आणि वर पाटी लावली. त्या आठांतल्या निम्म्यांनी स्वतःच्या खुणा स्वतःच्या हाताने खोडल्या, माझ्या धाकाने. मला त्यांचाही राग येतोय. एकाने तरी तोंड उघडायचं होतं.

रविवार, ७ एप्रिल

पाटी काढली. येईल त्याला सांगितलं, "मी चुकले. मला ठाऊक नव्हतं." एकदा माफी मागितली की लोकांना काय कंठ फुटतो! टाइपिस्टबाईंचा सतराव्या पानावर स्वल्पविराम. टपालवाल्यांची एकशेचारवर फुली, "तिथपर्यंत पोचलो म्हणजे वाचलंय असं धरायचं." अध्यक्षांचा शेवटच्या पानावर दात. खरोखर दात, मुळांसकट. भाषण करताना हे आठवलं नाही त्यांना!

ठरलं ते असं. आठवेल त्याने आठवेल तशी खूण पुन्हा करायची, आणि जुन्या देवघेवीच्या वह्या टेबलावर ठेवायच्या, ज्याने त्याने आपलं नाव शोधावं. हसतखेळत चाललं होतं. मग टपालवाल्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, बाकीच्यांचं निभावेल. चष्मेवाल्यांचं काय करणार? नवव्या पानावरची खूण त्यांची नव्हती. त्यांच्या बायकोची होती."

सोमवार, ८ एप्रिल

त्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. एवढ्या मानाने मला आणखीच कसंतरी झालं.

मी म्हटलं, "मी खोडलं ते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हाला काय कल्पना!"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग सावकाश बोलले. त्यांच्या बायकोने नकाशांच्या कचेरीत नोकरी केली. नकाशे काढायची कडक पेन्सिल घरी असायची, तीच वापरायची. पुस्तक आधी ती वाचणार, मग हे. मग जेवताना भांडण. "हिचं आणि माझं एका पुस्तकावर एकमत झालं नाही हो कधी. मला आवडलं की हिला भिकार." दोन वर्षांपूर्वी ती गेली. महिनाभराने एका गुरुवारी वाचनालयात यांनी सहज पुस्तक उघडलं आणि नवव्या पानावर तिचा अर्धा गोल दिसला. आपलं न वाचलेलं, तिने मात्र वाचलेलं. शेवटी शेवटी दुकानाचं काम वाढलं होतं, यांचं वाचायचं राहून जायचं, ती पुढे निघून गेली होती.

"तेव्हापासून तीच शोधून वाचतो. वाचताना कळतं, इथे ही काय म्हणाली असती. अर्धं भांडण तर अर्धं."

"कोणती राहिलीत, आठवतंय?"

"आठवलं असतं तर खुणा कशाला हव्या होत्या?"

जुन्या वह्यांचं विचारलं. तीही शक्यता नाही. ती ग्रंथपालबाईंची मैत्रीण, रविवारी कपाटं लावायला यायची, बसल्या जागी वाचायची. घरी नेलेली पुस्तकं थोडी, वहीत त्यांचीच नावं.

मी रडले नाही, पण रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने शिवी दिली आणि मला ती योग्य वाटली.

गुरुवार, ११ एप्रिल

सापडलं!

बाकी कुणी नव्हतं. मी एक कादंबरी उघडून नवव्या पानाकडे नुसतीच बघत बसले होते. कोरं करकरीत. सवयीने बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

शीर शोधायला डोळे उपयोगाचे नसतात, हे मी शेकडो मुलींना शिकवलंय. दंड बांधा, डोळे मिटा, बोटाला विचारा. कागदाचंही तेच निघालं. रबराने शिसं गेलं, पण कडक पेन्सिलीचा दाब तसाच आहे! केसाएवढी खाच, अर्ध्या गोलाची. दुसरं पुस्तक, काही नाही. तिसरं, नाही. नववं, आहे! टपालवाल्यांना हाक मारली. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. "मला काही लागत नाही," म्हणाले. म्हणजे हे काम माझं एकटीचं.

रविवार, २१ एप्रिल

दहा दिवस, दोन हजार एकशे चाळीस पुस्तकं. बोटाच्या टोकाची साल निघालीय. हे म्हणाले, "चाळीस वर्षांत माझी नाडी एवढ्या प्रेमाने बघितली नाहीस." म्हटलं, तुमची चालू असते, बघायची काय!

एकशे एकसष्ट पुस्तकं निघाली. मी आणि टपालवाल्यांनी वहीतून चष्मेवाल्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि ताडून पाहिली. त्यांची वाचायची राहिलेली फक्त सात.

संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी काउंटरची कड धरली. मग पहिलंच वाक्य बोलले ते असं, "किती राहिलीत ते सांगू नका. एकेक देत जा."

गुरुवार, २५ एप्रिल

आले. पहिलं दिलं. नववं पान त्यांनी बोटाने चाचपलं. लागलं की नाही देव जाणे, पण मान डोलावली.

देवघेव आज अडतीस. सुताराने खुर्च्या आणल्या, त्यातली एक अजून डुलते. उद्या परत पाठवते.

सोमवार, १३ मे

सहावं दिलं. दर वेळी परत करताना दोन वाक्यं सांगतात. "हिला यातला सासरा आवडला असणार, मला तो लबाड वाटला." मी हो हो म्हणते. मला यातलं काही कळत नाही, पण आता एकच उरलंय. छत्तीस वर्षांत मी नातेवाइकांना कधी खोटं सांगितलं नाही. किती दिवस आहेत विचारलं तर तितके सांगितले. इथे त्यांनी विचारलेलंच नाही, तरी मीच ओझं घेऊन हिंडतेय.

गुरुवार, १६ मे

सातवं दिलं. ते म्हणाले, "सोमवारी येतो."

सोमवार, २० मे

आज मी एक गोष्ट केलीय. बरी की वाईट, उद्या ठरवीन.

दुपारी कपाटातून एक नीटनेटकी, जाडसर कादंबरी काढली. कडक पेन्सिल विकत आणली होती. पाठकोऱ्या कागदावर वीस वेळा गिरवलं, मग नवव्या पानावर दाबून अर्धा गोल काढला आणि रबराने शिसं पुसलं. बोट फिरवलं, हुबेहूब. दोन हजार पुस्तकं खोडणारी मी, आणि आता एका पुस्तकात चोरून खूण करतेय. टपालवाले नळाकडे गेले होते, परत गळतोय मेला.

चष्मेवाल्यांनी पान चाचपलं, माझ्याकडे बघितलं, पुस्तक काखेला मारलं आणि गेले. मला हायसं वाटलं. म्हटलं, असं महिन्याला आठ पुस्तकं, वर्षाला शंभर. कपाटात पुस्तकांना काय तोटा!

बुधवार, २२ मे

घात झाला. टपालवाले वही लिहिताना म्हणाले, "सिस्टर, हे कसं दिलंत त्यांना? ही तर गेल्या दिवाळी-बिवाळीच्या सुमारास घेतलेली कादंबरी. गेल्याच वर्षी छापलीय."

तिला जाऊन दोन वर्षं झाली.

छत्तीस वर्षं इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय सुई लावली नाही मी. आणि पुस्तकावर तारीख असते हे मला माहीतच नव्हतं! वाचणाऱ्या माणसाला पहिल्या पानावरच दिसलं असणार. त्यांनी ते घेतलं कसं? आता थोबाड कसं दाखवू? हे म्हणाले, "खरं सांगून मोकळी हो." सांगायला यांचं काय जातंय!

गुरुवार, २३ मे

आले. वेळेवर. पुस्तक टेबलावर ठेवलं. मी उभी राहिले, तपासणीला मोठे डॉक्टर आल्यासारखी.

"अहो, ती खूण..."

"तुमची आहे. सोमवारीच कळलं. हिचा गोल इतका देखणा कधीच नव्हता."

"मग नेलंत का?"

"वाचायला." खुर्ची ओढून बसले, नेमकी ती डुलणारी. "सिस्टर, एक सांगा. तुम्ही हे पुस्तक वाचलंय?"

"मी? नाही हो. मी कुठे वाचते!"

"मग खूण कशी केलीत?"

मी टेबलावरची वही उगाच सरळ केली.

"खूण केली म्हणजे मी हे वाचलंय, असा अर्थ होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मला हे पुस्तक फार आवडलं. तीन दिवस घरात एकटाच बडबडतोय. कुणीतरी हे वाचलंय असं यात लिहिलंय, म्हणून भांडायला आलो. आणि तुम्ही म्हणता वाचलं नाही."

माझे कान तापले. न दिलेल्या औषधापुढे सही! एका मुलीने केली होती, तर तिला मी वॉर्डातून बाहेर काढलं होतं. दोन दिवस ती रडत होती आणि मी ऐकलं नव्हतं. तेच मी केलं, आणि तेही मेलेल्या बाईच्या नावाने.

"मी खोडून टाकते," म्हटलं.

"पुन्हा खोडाखोड नको," ते घाईने म्हणाले. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाचा. मी सोमवारी येतो."

"सोमवारपर्यंत? तीनशे बारा पानं आहेत!"

"ही दोन दिवसांत वाचायची," असं म्हणून निघाले. दारातून वळून म्हणाले, "आणि मला बरं वाटावं म्हणून आवडलं म्हणू नका."

रविवार, २६ मे

दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं झाली. सकाळपासून स्वयंपाकघराकडे फिरकले नाही. ह्यांनीच काय ते रांधलं आणि भांडी आपटून निषेध नोंदवला. "वाचनालयात बसून पुस्तकांना हात लावायचा नसतो," असंही सुनावलं. मी वर बघितलं नाही.

ती थोरली सून शहाणी म्हणे! शहाणी कसली, घुमी आहे मेली. एक शब्द वेळेवर बोलली असती तर दिराचं घर मोडलं नसतं. आणि दवाखान्याचं प्रकरण तर लिहिणाऱ्याने खिडकीतून बघून लिहिलंय. टाके घातलेला माणूस तिसऱ्या दिवशी जिना चढतो! चष्मेवाल्यांना यात एवढं काय आवडलं कळत नाही. चांगलं फैलावर घेते उद्या.

अजून चोवीस पानं आहेत. संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मी ठरवलंय.